त्याला ‘माहीत नाही’ म्हणायला शिकवा: एआयवाल्या संशोधक मंडळींना रावेरच्या केळीबागेतून खुलं पत्र

एआय, रोबोटिक्स आणि त्या आपोआप चालणाऱ्या यंत्रणांवर काम करणाऱ्या समस्त संशोधक मंडळींना, मग तुम्ही पवईच्या नाहीतर मद्रासच्या आयआयटीत असा, बंगळुरूत असा की सातासमुद्रापलीकडे, रावेर तालुक्यातून रामराम.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल आला एक शेतकरी, यंत्राला घाबरणारा. तसं नाहीये. कॉम्प्युटरमध्ये बीई झालोय, चार वर्षं पुण्याला हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला होतो, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये महिनाभरासाठी म्हणून घरी आलो तो आलोच. आता वडलांसोबत केळी करतो. वडलांना घरात सगळे नाना म्हणतात, मीपण. नानांनी कंद लावायचा काळ बघितलाय, मग टिश्यू कल्चर आलं, ठिबक आलं, घडाला स्कर्टिंग बॅग आली, यातल्या एकालाही त्यांनी नाही म्हटलं नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते आमच्याच तालुक्यातल्या तांदलवाडीच्या मंडळींच्या नावावर. म्हणजे नवीन गोष्ट आली की आधी आमच्या बागेत करून बघा म्हणणारा हा मुलूख आहे, आणि म्हणूनच तुमच्याशी भांडायचा थोडा हक्क आहे असं मला वाटतं.

झालं काय ते सांगतो. मृगबाग होती, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली केळी, साडेचार हजार रोपं, रोप सतरा रुपयांचं. ऑगस्टमध्ये पाऊस असा लागला की दहा दिवस ऊन नाही, आणि एका कडेच्या सरीत अकरा झाडांच्या पानांवर पिवळट फिक्या रेषा दिसल्या. मी फोन काढला. एक ॲप होतं, नाव सांगत नाही, नावाने काही होत नाही, पानाचा फोटो काढायचा आणि ते रोग सांगतं. त्याने सांगितलं झिंकची कमतरता, आणि खाली हिरव्या पट्टीत लिहिलं खात्री ९६ टक्के. नाना पान हातात धरून किती वेळ उलटंपालटं करत होते, शेवटी म्हणाले, “मले नाही समजत बापा हे, कोणाले तरी इचार.” मी म्हटलं नाना ९६ टक्के म्हणतंय ते. झिंक सल्फेटची फवारणी घेतली, आठ दिवसांनी परत घेतली.

सोळाव्या दिवशी नानाच मोटारसायकलवर बसून पालच्या कृषी विज्ञान केंद्रात (केव्हीके) पान घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी बघितलं आणि एका मिनिटात सांगितलं, सीएमव्ही आहे, कुकुंबर मोझॅक व्हायरस, औषध नाही, झाड मुळासकट उपटा आणि लांब नेऊन नष्ट करा, मावा (पानातला रस शोषणारी बारीक कीड) आवरा, बांधावरचं तण काढा. हा व्हायरस मावा पसरवतो आणि काकडीवर्गातली पिकं न् कितीतरी तणं त्याचं घर असतात हे मला नंतर कळलं, आणि आमच्या बांधापलीकडेच शेजाऱ्याची काकडी होती. तोपर्यंत अकराची सहाशे चाळीस झाडं झाली होती. ती सगळी उपटली. पोटरीइतकं जाड झालेलं झाड उपटताना जो आवाज येतो तो ऐकायला या एकदा.

आता खरं बोलायचं तर सहाशेच्या सहाशे झाडं ॲपमुळे गेली असं मी म्हणणार नाही. काही झाडांत रोग आधीच शिरलेला असणार, दिसायला वेळ लागतो त्याला. आणि चूक माणसाकडूनपण होते. आमच्याकडे कृषी केंद्राच्या, म्हणजे खता-औषधांच्या दुकानाच्या, काउंटरवर पान नेऊन ठेवा, तो कधीच ‘माहीत नाही’ म्हणणार नाही, त्याच्या मागच्या फळीवर जे असेल त्याचाच तुमच्या बागेवर रोग निघतो. पण त्याला आम्ही ओळखतो ना. तो काय विकतो, कुणाचा भाचा आहे, मागच्या वर्षी त्याने कुणाची बाग बसवली हे गावाला पाठ आहे, म्हणून त्याचं बोलणं आम्ही अर्धं करून घेतो. ९६ टक्क्याचं अर्धं कसं करायचं ते कुणी शिकवलं नाही.

मग मी जुना टेस्टर, खाज सुटली. रात्री बसून वाचत गेलो की हे ॲप शिकतात कशावर. तर प्लांटव्हिलेज नावाचा पानांच्या फोटोंचा एक साठा आहे, ५४ हजारांवर फोटो, १४ पिकं, २६ रोग. त्यावर २०१६ मध्ये मोहंती आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी पान बघून रोग ओळखणारं मॉडेल शिकवलं, बरोबर उत्तरं ९९.३५ टक्के. हा आकडा मग जगभर फिरला, कुठल्याही कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये असल्या आकड्याची सावली दिसतेच. पण त्याच शोधनिबंधात त्यांनी अजून एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवलीये, की दुसऱ्या ठिकाणचे, वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तर तेच मॉडेल ३१ टक्क्यांवर आलं. ९९ चं ३१. आमच्या वेळी टेस्टिंगमध्ये सॉफ्टवेअरचा असा बिल्ड आला असता तर मॅनेजरने आम्हाला रात्री घरी जाऊ दिलं नसतं. आणि त्या १४ पिकांत काय काय आहे बघा, सफरचंद, ब्लूबेरी, चेरी, स्ट्रॉबेरी, टोमॅटो, बटाटा. केळी नाही. कपाशीपण नाही. म्हणजे ज्या दोन पिकांवर अख्खा खानदेश उभा आहे ती दोन्ही त्या प्रसिद्ध साठ्यात नाहीतच.

अजून पुढचं ऐका, तुम्हाला माहीतच असेल पण ज्यांना नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ती पानं तोडून साध्या कागदासारख्या पाठीवर ठेवून फोटो काढलेत. २०२२ मध्ये एका माणसाने गंमत केली, पान बघायचंच नाही म्हटला, फोटोच्या मागच्या रिकाम्या जागेतले फक्त ८ पिक्सेल घेतले आणि तेवढ्यावर मॉडेल शिकवलं. ४९ टक्के उत्तरं बरोबर! पान न बघता!! म्हणजे मशीन रोग शिकलंच नव्हतं, कुठल्या टेबलावर कुठलं पान ठेवलं होतं ते शिकलं होतं. नाना हे ऐकून जे हसले ते ठसका लागेपर्यंत. म्हणाले मास्तर कुठल्या पेनाने पेपर तपासतो त्यावरून पोरगं पास झालं म्हणायचं.

आता माझी मूळ गोष्ट. मशीन चुकलं याचा मला राग नाही, राग याचा आहे की त्याला नाही म्हणता येत नाही. तुम्ही त्याला जे शिकवता ती म्हणजे चार पर्यायांची परीक्षा, अ ब क ड, ‘यापैकी एकही नाही’ हा रकानाच नाही. शेवटी सगळ्या पर्यायांची टक्केवारी मिळून शंभर भरलीच पाहिजे असं ते गणित आहे. मग त्याच्यासमोर सीएमव्हीचं पान ठेवा जे त्याने जन्मात बघितलं नाही, किंवा माझ्या चपलेचा फोटो ठेवा (मी ठेवलाय, करपा निघाला), ते शंभर टक्के आपल्या ओळखीच्या रोगांतच वाटून टाकणार, आणि त्यातला ज्याला जास्त वाटा मिळाला तो हिरव्या पट्टीत येणार. आम्ही त्याला खात्री समजतो. ती खात्री नसतेच, ती वाटणी असते.

आणि हे तुम्हाला नवीन नाहीये हेच तर दुखतं. सी. के. चाऊ नावाच्या संशोधकाने १९७० मध्ये गणिताने मांडून दाखवलं की ओळखणाऱ्या यंत्राला उत्तर नाकारायची मुभा दिली तर किती चुका कमी होतात आणि त्याची किंमत काय. १९७०! तेव्हा नाना शाळेत होते. मग २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी दाखवलं की ही आजकालची डीप लर्निंगची खोल नेटवर्कं जुन्यांपेक्षा जास्त बरोबर असतात खरी पण आपल्याबद्दल वाजवीपेक्षा जास्त खात्रीने बोलतात, आणि त्यावर उपाय काय सांगितला तर शेवटच्या आकड्यांना एका आकड्याने भागायचं, एवढा साधा. त्याने चपलेचा प्रश्न सुटत नाही, कारण अनोळखी गोष्ट ओळखणं वेगळं आणि ओळखीच्या गोष्टीत फुशारकी कमी करणं वेगळं, हे मला कळतं. पण कदाचित ९६ चं ६० तरी झालं असतं, आणि ६० बघून मी पानाची पिशवी घेऊन पालला गेलो असतो, त्याच दिवशी. हे ॲपमध्ये का नाही टाकत? मी सांगतो का. ‘माहीत नाही’ म्हणणारं ॲप डेमोमध्ये वाईट दिसतं. फंडिंगवाल्यासमोर, मंत्र्यासमोर, शोधनिबंधातल्या तक्त्यात. जे उत्तर देतं ते हुशार दिसतं, आमच्या कृषी केंद्रवाल्यासारखंच.

हे फक्त पानांचं असतं तर मी हे पत्र कृषीवाल्यांना लिहिलं असतं, तुम्हा सगळ्यांना नाही. १८ मार्च २०१८ ला अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टेंपी गावात उबरच्या आपोआप चालणाऱ्या गाडीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं, ती गेली. तिथल्या अपघात तपास मंडळाने सगळं खणून काढलं. गाडीला ती बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. साडेपाच सेकंद म्हणजे ब्रेक मारून, हॉर्न मारून, वर शिवी घालून होते. पण गाडी काय करत राहिली, तर हे वाहन आहे, नाही दुसरंच काही आहे, नाही सायकल आहे, परत दुसरंच काही आहे. आणि प्रत्येक वेळी नाव बदललं की आधीचं सगळं विसरून ती वस्तू कुठे चाललीये याचा अंदाज पहिल्यापासून. झेब्रा क्रॉसिंग नसताना माणूस रस्ता ओलांडेल हे त्या यंत्रणेत धरलंच नव्हतं. आता मला सांगा, रावेर-सावदा रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंग शोधून दाखवा. इथे संध्याकाळी केळीच्या पानांनी झाकलेली ट्रॉली जाते, मागून ती हलणाऱ्या झाडासारखी दिसते, तिला लाईट नसतो, तिच्यावर चार माणसं बसलेली असतात. तुमचं मशीन तिला काय म्हणेल? माणूस ड्रायव्हर असला तर त्याला ते काय आहे ते कळत नाही पण तो पाय ब्रेकवर नेतो. काय आहे ते कळत नाही म्हणूनच नेतो! तिथे मशीनचं उलटं झालं, कळत नव्हतं म्हणून ते ठरवत बसलं.

तुम्हाला वाटेल आपोआप चालणाऱ्या यंत्रणेचं या खेड्यातल्या माणसाला काय कळतं. आमच्याकडे ती तीस-चाळीस वर्षांपासून आहे, मोटरच्या स्टार्टरला लावतात, तिला ऑटो म्हणतात. लाईट रात्री कधीपण येते, बारा, दोन, तीन, तर शेतकऱ्याने उठून अंधारात सापाकिरडातून विहिरीवर जायला नको म्हणून लाईट आली की ऑटो मोटर सुरू करतो. किती चांगली गोष्ट. एकट्याने लावला तर. पण एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, तीसच्या तीस मोटरींना ऑटो लागला की रात्री लाईट येते त्याच क्षणी तीस मोटरी एकदम उठतात, आणि डीपी जळतो. मग आठ दिवस कुणालाच पाणी नाही. प्रत्येक ऑटो बरोबर होता, कुणात काही बिघाड नव्हता, वीज कंपनी दरवर्षी सांगते ऑटो काढा आणि कॅपॅसिटर बसवा, आणि दरवर्षी आम्ही ऐकत नाही (हा आमचा दोष, मान्य). एक ॲप एका वेळी तालुक्यातल्या हजार बागांना झिंक सल्फेट सांगतं ते मला त्या रात्रीच्या डीपीसारखं वाटतं. जुन्या काळी हजार शेतकरी हजार प्रकारे चुकायचे, त्यातला एखादा चुकून बरोबर निघायचा आणि बाकीचे त्याच्या बागेत बघायला जायचे.

उन्हाचं पण सांगून ठेवतो. आयफोनवाली कंपनी स्वतःच लिहिते की फोन ० ते ३५ डिग्री हवेत वापरा. आमच्याकडे मार्चमध्येच पस्तीस मागे पडतं, मेमध्ये ४४-४५. दुपारी बागेत चार फोटो काढले की स्क्रीन काळी होते आणि थर्मामीटरचं चित्र येतं. तुमचे ते सेन्सर, ते रोबोट कुठल्या हवेत तपासलेत ते डब्यावर लिहा, एवढं तर पंख्याच्या डब्यावरपण असतं.

बोलायचं मशीन पण आलंय ना आता, फोनवर बोला आणि ते उत्तर देतं. मी नानांना लावून दिलं. नाना म्हणाले पिलं कवा कापाची. केळीला खालून जी नवी फूट येते तिला आमच्याकडे पिलं म्हणतात, ती वेळेवर कापली नाही तर मूळ झाडाचं खाणं खातात. मशीन म्हणालं लहान प्राण्यांना इजा करणं हा गुन्हा आहे, कृपया जवळच्या पशुवैद्यकाशी संपर्क साधा. नानांनी फोन माझ्याकडे दिला आणि गेले बागेत विळा घेऊन. हसण्यावारी नेलं आम्ही, पण विचार करा, केंद्र सरकारचं भाषांतराचं भाषिणी २०२२ ला सुरू झालं ते अनुसूचीतल्या २२ भाषांसाठी, आणि अहिराणी त्या बावीसात नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या नावाखाली, त्यातच अहिराणी आली, १८ लाखांहून जास्त माणसं आहेत. आमची लेवा बोली तर मराठीतच मोजतात. बहिणाबाई ज्या बोलीत बोलल्या ती बोली, विद्यापीठाला नाव त्यांचं, आणि मशीनला ती ऐकू येत नाही. इथेही तक्रार तीच, समजलं नाही तर परत विचार ना बाबा, ‘पिलं म्हणजे कशाची?’ एवढं एक वाक्य. तेवढं तर दुसरीतलं पोरगंपण विचारतं.

राज्य सरकारने २०२५ मध्ये शेतीतल्या एआयसाठी धोरण आणलं, ५०० कोटी ठेवले. चांगलं केलं, मनापासून. त्यातले काही पैसे तुमच्यापैकी काही जणांकडे येतील. तर माझं म्हणणं एवढंच की त्या पैशांतून जे काही बनवाल ते खोलीत किती बरोबर आलं ते मला सांगू नका. श्रावणात, झड लागलेली असताना, चिखलाने भरलेल्या बोटांनी, तीन वर्षं जुन्या फोनवर, लेन्सवर पाणी असताना किती चुकलं ते सांगा, पिकानुसार, तालुक्यानुसार, ॲपच्या पहिल्या पानावर. आणि दहातल्या चार वेळा त्याने ‘मला कळत नाहीये, पान घेऊन केव्हीकेला जा’ असं सांगितलं तर मी ते ॲप गावातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये स्वतः टाकून देईन. उरलेल्या सहा वेळा त्याच्यावर विश्वास ठेवता येईल ना मग. पालच्या त्या साहेबांवर नानांचा विश्वास का आहे माहितीये? कारण दोन वर्षांपूर्वी ते एका घडाकडे बघून म्हणाले होते, हे मी आधी बघितलेलं नाही, जळगावच्या केळी संशोधन केंद्राला पाठवतो, आणि पाठवलं.

डेटा नाही असं तुम्ही म्हणणार, बरोबर आहे, नाहीये. म्हणून त्या वर्षापासून मी आणि नाना रोज सकाळी बागेत फोटो काढतोय. तोडून टेबलावर ठेवून नाही, झाडावरच, मागे तण, मागे ठिबकची नळी, कधी नानांचा अंगठा. संध्याकाळी नाना एकेक फोटो बघून सांगतात आणि मी फोल्डरमध्ये टाकतो. करपा, सीएमव्ही, पोंगा सड, खताची कमी, निरोगी. आजच्या तारखेला एक हजार तीनशे सत्तर फोटो झालेत, कुणाला पाहिजे असतील तर फुकट घेऊन जा, फक्त सावदा स्टेशनला उतरा आणि स्वतः या, मी न्यायला येतो, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी आमच्याकडून. बूट आणू नका, काळ्या मातीत बूट राहतो आणि पाय निघतो.

त्यात एक फोल्डर मी नाही, नानांनी करायला लावला. दोनशे चौदा फोटो आहेत त्यात. नाव आहे ‘मले नाही समजत’. तो वगळून बाकीचे नेणार असाल तर येऊ नका.